सोळा सिस्टर, तीस खाटा: नागपुरातल्या एका वॉर्डच्या ड्युटी लिस्टचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण प्रशिक्षणासाठी रचलेलं आहे. धंतोली-रामदासपेठेतल्या कोणत्याही एका रुग्णालयाचं ते नाही. वॉर्डचे आकडे आणि घटना नमुन्याच्या आहेत; निकष, कायदे आणि संशोधनाचे दाखले मात्र खरे आहेत. आपल्या वॉर्डचे आकडे घालून हेच गणित कुणालाही करून पाहता येईल, आणि ते करून पाहावं हाच या लिखाणाचा हेतू आहे.

घटना

धंतोलीतलं १२० खाटांचं खासगी रुग्णालय. तिसऱ्या मजल्यावर ३० खाटांचा मेडिसिन वॉर्ड. सप्टेंबर महिना, डेंग्यूचे दिवस, त्यामुळे पॅसेजमध्ये दोन खाटा जास्तीच्या टाकलेल्या. ड्युट्या नागपुरातल्या बऱ्याच खासगी रुग्णालयांसारख्याच: मॉर्निंग ८ ते २, इव्हनिंग २ ते ८, नाइट ८ ते ८.

संध्याकाळी ७:४० ला इव्हनिंगच्या सिस्टरने १४ नंबरच्या खाटेवरच्या मधुमेही रुग्णाला जेवणाआधीचं १२ युनिट रेग्युलर इन्सुलिन दिलं. चार्ट खाटेपाशी नव्हता, नर्सिंग स्टेशनवर होता. सही करायला ती वळली तेवढ्यात छिंदवाड्याहून आलेला, प्लेटलेट २२,००० असलेला तापाचा रुग्ण वर आला. सही राहिली. आठला ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवणं, झाली ती स्टेशनवर उभ्याउभ्या, ३२ रुग्णांची, दहा मिनिटांत. नाइटच्या सिस्टरला सही दिसली नाही, म्हणून तिने ८:१५ ला पुन्हा १२ युनिट दिलं. रुग्णाचा नातेवाईक तासाभरापूर्वी बदललेला होता, त्यामुळे ‘मघाशी दिलं ना’ म्हणणारं कुणी नव्हतं.

दहाला रुग्णाला दरदरून घाम फुटला. ग्लुकोमीटरवर साखर ४८. नाइटच्या सिस्टरने आरएमओंना (ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांना) बोलावलं, २५ टक्के डेक्स्ट्रोजची १०० मिलीची बाटली शिरेतून लावली, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासली, मग रात्रभर तासातासाने तपासत राहिली. रुग्ण सुखरूप राहिला. काय झालं असावं हे आरएमओंना तिनेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिला मेमो मिळाला. चोवीस तासांत लेखी खुलासा आणि दोन दिवसांचा पगार कापला. महिनाभरात तिने राजीनामा दिला, पाठोपाठ आणखी दोघींनी. तिघींच्याही फॉर्मवर कारण एकच: वैयक्तिक.

व्यवस्थापनाचा पहिला अंदाज

बैठकीत तीन कारणं निघाली. पगार कमी पडतो. सरकारी भरती निघाली की मुली जातात. नवीन मुलींची सहनशक्ती कमी आहे. पहिली दोन कारणं खोटी नाहीत. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगाराची पातळी सुचवली होती: १०० ते २०० खाटांच्या रुग्णालयात तो सरकारी पगारापेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी नसावा आणि ५० खाटांपर्यंतच्या रुग्णालयातही किमान २०,००० रुपये असावा. आपण या पातळीच्या कुठे आहोत ते प्रत्येक रुग्णालयाने पाहावंच. आणि मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांतली किंवा मिहानमधल्या एम्सची जागा मिळाली तर मुलगी जाणारच, तिला अडवू नये.

पण या दोन कारणांनी एक गोष्ट उलगडत नाही. पगार सगळ्या मजल्यांवर सारखा असताना माणसं तिसऱ्या मजल्यावरूनच का गेली? ‘वैयक्तिक’ या शब्दातूनही काही कळणार नव्हतं. रुजू होतानाच मूळ प्रमाणपत्रं ऑफिसात जमा करून घेतलेली असतात, अनुभवाचा दाखला अजून मिळायचा असतो. अशा वेळी खरं कारण कोण लिहील? आमच्या मते अशा फॉर्मवरचं उत्तर पुरावा म्हणून धरूच नये. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणं तर ताबडतोब थांबवावं. तपासून, छायाप्रत घेऊन त्याच दिवशी परत द्यावीत.

लिस्ट काय सांगते

सिस्टरचं सर्वेक्षण घेण्याआधी गेल्या तीन महिन्यांच्या ड्युटी लिस्ट काढाव्यात. एका बाजूला लागलेली लिस्ट, दुसऱ्या बाजूला हजेरी, म्हणजे प्रत्यक्ष काय झालं. मग लाल पेनने पाच गोष्टी मोजायच्या: चोवीस तासांच्या आत बदललेल्या ड्युट्या, रद्द झालेल्या सुट्ट्या, डबल ड्युट्या, सलग चारपेक्षा जास्त नाइट, आणि सणाच्या दिवशी कोण कामावर होतं. एका वॉर्डला साधारण एक दुपार लागते. यातून जे दिसतं ते कुणालाही विचारावं लागत नाही.

पण लिस्ट अशी का झाली, ते कळायला भागाकार करावा लागतो.

केंद्राच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटच्या निकषानुसार जनरल वॉर्डात सहा रुग्णांमागे एक परिचारिका. तीस खाटांना प्रत्येक पाळीत ५, दिवसाला १५ ड्युट्या, वर्षाला ५,४७५. या वॉर्डात इनचार्ज, म्हणजे वॉर्ड सांभाळून लिस्ट लावणारी सिस्टर, सोडून १६ सिस्टर आहेत. ‘पंधरा लागतात, सोळा दिल्यात’ असं व्यवस्थापन म्हणतं, आणि नेमकी इथेच गफलत आहे. माणूस ३६५ दिवस येत नाही. इथल्या नियमानुसार वर्षाला ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ८ सणांच्या, ८ किरकोळ रजा आणि १४ अर्जित रजा, म्हणजे ८२ दिवस गेले. उरले २८३. सोळा जणींच्या मिळून ४,५२८ ड्युट्या. कमी पडतात ९४७, रोज अडीचपेक्षा जास्त. यात आजारपण धरलेलंच नाही.

ही ९४७ ची फट कशी भरली जाते? नाइटला पाचऐवजी तीनच सिस्टर लावतात. रोज दोन, वर्षाला ७३०. उरलेल्या २१७, म्हणजे महिन्याला अठराएक, सुट्टी रद्द करून किंवा डबल करून भरतात. सकाळी साडेसहाला फोन येतो, ‘सिस्टर, आज जरा बघा ना.’ इनचार्ज कठोर आहे म्हणून हा फोन येत नाही. ४,५२८ मध्ये ५,४७५ बसवायची जबाबदारी तिच्या एकटीवर टाकलेली असते म्हणून तो येतो. ती मग ज्या ‘नाही’ म्हणत नाहीत त्यांनाच फोन करते: हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या, गडचिरोली-गोंदियाकडून आलेल्या, नव्या. वर्षभरात सगळ्यात जास्त डबल कुणी केल्या ते मोजलं, की पुढचा राजीनामा कुणाचा याचा बराचसा अंदाज येतो.

दुसरी बाब लिस्टमध्ये दिसतच नाही. सलग नाइट करून सिस्टर सकाळी ८ ला घरी जाते. तोच दिवस तिची ‘सुट्टी’ म्हणून धरला जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला मॉर्निंग लागते. कागदावर सुट्टी दिली. प्रत्यक्षात २४ तास मिळाले, त्यातला अर्धा दिवस झोपेत गेला. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास असतो. हुडकेश्वर-मानेवाड्याकडच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत कूलर लावूनही दुपारी सलग चार तास झोप लागत नाही. मुंबई-पुण्याहून आणलेलं वेळापत्रक इथे जसंच्या तसं लावता येत नाही. नाइट संपल्याचा दिवस हा झोपेचा दिवस, तो सुट्टीत धरायचा नाही. सुट्टी त्याच्या पुढच्या दिवशी. म्हणजे सकाळी ८ पासून पूर्ण ४८ तास.

याचा हिशोब द्यावाच लागतो. वर्षाला १,८२५ नाइट आहेत. बावीस सिस्टर धरल्या तर प्रत्येकीला ८३, चार-चारचे साधारण २१ गट. प्रत्येक गटामागे झोपेचा एक दिवस गेला, की उरतात २६२. बावीस गुणिले २६२ म्हणजे ५,७६४. गरजेपेक्षा २८९ जास्त. प्रसूती रजा २६ आठवड्यांची असते, तिच्यात साधारण १३० ड्युट्या जातात. वर्षात दोघी प्रसूती रजेवर गेल्या तर २६० संपल्या, हातात २९ उरल्या. म्हणजे बावीस हा आकडा चैनीचा नाही. त्याच युनिटचा निकष सुट्ट्या आणि रजांसाठी ४५ टक्के वाढ धरायला सांगतो. पंधराला ती लावली तर २१.७५ येतात. दोन वेगळ्या वाटांनी तेच उत्तर.

एक शंका नेहमी येते: तीन सारख्या आठ-आठ तासांच्या पाळ्या का नाहीत? कागदावर त्या चांगल्या दिसतात. पण मग इव्हनिंग रात्री ११ ला सुटते, मेट्रो दहाच्या सुमारास थांबते आणि सिस्टरला एकटीने स्कूटीवरून बेसा किंवा कामठी रोड गाठावा लागतो. रुग्णालयाची गाडी दारापर्यंत सोडणार नसेल, तर रात्री ८ ला पाळी बदलणंच बरं.

ओव्हर आणि मेमो

बायोमेट्रिकवर ८:०५ नंतर अंगठा लागला की लेट मार्क, तीन लेट मार्कला अर्धा दिवस कापतात. घरी जाताना मात्र ओव्हर देऊन, राहिलेल्या नोंदी करून ३५ मिनिटं उशीर होतो, तो कुठेच धरला जात नाही. २८३ ड्युट्यांचे हे १६५ तास झाले, म्हणजे सहा तासांच्या २७ ड्युट्या, वर्षाला, फुकट. सिस्टर हे आकड्यात मांडत नाहीत, पण त्यांना ते पक्कं ठाऊक असतं. म्हणून ओव्हर दहा मिनिटांत उरकली जाते. इन्सुलिन दोनदा गेलं त्याचं मूळ या दहा मिनिटांत आहे.

उपाय साधा आहे. येणारी पाळी २० मिनिटं आधी येईल, ७:४० आणि १:४० ला, आणि ती २० मिनिटं पगारी ड्युटीत धरली जातील. बावीस सिस्टर असतील तर सरासरी ड्युटी ८ तास २० मिनिटांची, वर्षाला २६२; आठवड्याला ४२ तास होतात, ४८ तासांच्या मर्यादेच्या आत. ओव्हर खाटेपाशी घ्यायची. क्रमही ठरवलेला: आधी इन्सुलिन, हेपरिन, पोटॅशियम, झोपेची आणि गुंगीची औषधं, म्हणजे जिथे दुप्पट डोस जीवावर बेतू शकतो ती. मग सलाईन, नळ्या, इनपुट-आउटपुट, मग बाकीचं. औषधाचा चार्ट खाटेच्या पायथ्याशी अडकवायचा, सही तिथेच. इन्सुलिनवर दोघींच्या सह्या. पाळी बदलण्याच्या अर्ध्या तासात नवा रुग्ण आला तर त्याला कॅज्युअल्टीतच थांबवायचं, अर्थात तब्येत परवानगी देत असेल तर. या शेवटच्या नियमाला डॉक्टरांचा सगळ्यात जास्त विरोध होतो, आणि आमच्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

आता मेमो. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगलं नेतृत्व असलेल्या युनिटमध्ये नोंदलेल्या चुका कमी नव्हे, जास्त निघाल्या. तिथे चूक सांगायची भीती नव्हती. आपल्या सिस्टरने स्वतः सांगितलं आणि तिलाच पगारकपात झाली. त्या दिवशी उरलेल्या पंधरा जणी काय शिकल्या असतील? पुढच्या वेळी साखर ४८ दिसली तर बाटली लावली जाईल, पण कारण चार्टवर येणार नाही.

म्हणून नवा नियम लेखी हवा आणि तो मेट्रनच्या नव्हे, संचालकांच्या सहीने लागायला हवा. पाळी संपायच्या आत स्वतःहून कळवलेल्या चुकीला मेमो नाही, कपात नाही. ७२ तासांच्या आत पंधरा मिनिटांची बैठक, आणि तिथे ‘कुणी’ हा प्रश्नच नाही: काय झालं, त्या वेळी वॉर्डात किती रुग्ण आणि किती सिस्टर होत्या, कुठली पायरी राहिली, ती का राहिली, उद्या काय बदलायचं. अपवाद तीन: लपवलेली चूक, नशेत केलेलं काम, जाणूनबुजून मोडलेला नियम.

यात हमखास एक ठिकाणी घसरण होते. नियम बदलतो, पण वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मवर ‘घटनांची संख्या’ हा रकाना तसाच राहतो आणि एचआर त्याचे गुण कापत राहतं. दोन महिन्यांत नोंदी पुन्हा शून्यावर येतात. तो रकाना पहिल्याच दिवशी काढावा.

डिस्चार्जचा राग

सकाळी ११ ला डॉक्टर ‘आज सुट्टी’ म्हणून जातात. कॅशलेस रुग्णाची फाइल बिलिंगला, तिथून टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेकडे), मंजुरी येईपर्यंत दुपारचे चार. भंडारा-बालाघाटच्या नातेवाइकांची परतीची गाडी चुकते आणि राग निघतो समोर दिसणाऱ्या सिस्टरवर. विमा नियामकाने २०२४ मध्ये डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायला सांगितलं आहे. पण विनंती गेल्यानंतर तीन तास. बहुतेक उशीर फाइल वॉर्डातून निघण्याआधीच झालेला असतो. आदल्या संध्याकाळी संभाव्य डिस्चार्जची यादी, रात्री डिस्चार्ज समरीचा मसुदा, सकाळी ९ पर्यंत न वापरलेली औषधं परत, आणि नातेवाइकांशी बोलायला बिलिंगचा एक माणूस मजल्यावर. एवढं केलं तरी दुपारचे बरेचसे वाद टळतात. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवकांवरच्या हिंसाचाराविरुद्ध कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड. तो भिंतीवर लावणं ठीक आहे. पण आवाज चढला की कुणाला फोन करायचा, तो माणूस किती मिनिटांत येणार आणि तक्रार रुग्णालय देणार की सिस्टरला एकटीने पोलीस ठाण्यात पाठवणार, हे आधी ठरलेलं असावं.

खर्च

सहा सिस्टर वाढवायच्या. पगार उदाहरणादाखल २०,००० धरला तर वर्षाला १४ लाख ४० हजार, वर भविष्य निर्वाह निधी. गळती कमी झाली की हा पैसा वसूल होतो, असं काही सल्लागार सांगतात. आम्ही तसं म्हणणार नाही. नव्या सिस्टरचे शिकवणीचे पाच-सहा आठवडे आणि तोवरच्या डबलचे पैसे वाचतात, पण तेवढ्याने १४ लाख भरून निघत नाहीत. हा खर्च रुग्णालयाच्या हिशोबात कधी आलाच नव्हता. रद्द सुट्ट्या, फुकटची ३५ मिनिटं आणि नाइटला दहा रुग्णांमागे एक सिस्टर या रूपाने तो सिस्टर आणि रुग्ण भरत होते. लिंडा ऐकेन आणि सहकाऱ्यांचा २००२ चा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास सांगतो, की परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला तर शस्त्रक्रियेच्या रुग्णांत ३० दिवसांच्या आत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी आणि परिचारिका पार थकून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसते.

पैसा नसेलच तर खाटा कमी कराव्यात. २४ खाटांना दिवसाला १२ ड्युट्या, वर्षाला ४,३८०. झोपेचे दिवस धरून १७ सिस्टर लागतात. सोळांवर २४ खाटाही बसत नाहीत, ३० तर दूरच.

भरती करताना आणखी दोन ठिकाणी ठेच लागते. सहाही जणी एकदम घेतल्या आणि त्या नुकत्याच जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेल्या असल्या, तर जुन्या सिस्टर दोन महिने स्वतःचं काम करून त्यांच्या चुका निस्तरत बसतात आणि डबलपेक्षा जास्त दमतात. महिन्याला दोघी घ्याव्यात, प्रत्येकीला एक ठरलेली जुनी सिस्टर द्यावी आणि पहिले तीन आठवडे नवीला पाचांत मोजू नये. दुसरी ठेच पगाराची. बाजारभावाने नव्या मुलीला २०,००० दिले आणि तीन वर्षं झालेली सिस्टर २०,५०० वरच राहिली, तर ती गोष्ट पगाराच्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांवर पोचते. आधी जुन्यांचा पगार सरकवावा, मग जाहिरात द्यावी.

ऑक्टोबरची लिस्ट

नवी लिस्ट चार आठवड्यांची, दोन आठवडे आधी लागलेली. आपापसात ड्युटी बदलायची तर वहीत दोघींच्या सह्या पुरेत, परवानगी नको. फक्त इव्हनिंगला जोडून नाइट घ्यायची नाही, कारण ती दुपारी २ ते सकाळी ८ अशी अठरा तासांची होते. एप्रिल ते जून नाइटचा गट चारऐवजी तीनचा, म्हणजे झोपेचे दिवस साधारण ३८ ने वाढतात; दोघी प्रसूती रजेवर असतील त्या वर्षी हातातल्या २९ मध्ये ते पूर्ण बसत नाहीत, नऊएक ड्युट्या कमी पडतात. सणांची पसंती मात्र जुलैमध्येच लेखी घ्यायची: प्रत्येकीला वर्षातली एक सुट्टी हमखास, ती कोणती हे तिने सांगायचं. नागपुरात हे जुळतं, कारण सगळ्यांना एकच दिवस नको असतो. केरळच्या सिस्टरना नाताळ हवा असतो, कुणाला ईद, कुणाला पोळा, कुणाला लक्ष्मीपूजन.

कस लागतो तो दसऱ्याच्या सुमारास. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, रहाटे कॉलनी-लक्ष्मीनगरकडचे रस्ते बंद होतात, ज्यांना सुट्टी नको त्यांनाही धंतोलीत पोचायला वेळ लागतो, आणि वॉर्डात डेंग्यूचे रुग्ण अजून असतातच. समजा बावीसपैकी नऊ जणींनी तो दिवस मागितला. उरल्या तेरा, लागतात पंधरा. इनचार्जने लिस्ट मागून बांधायला घ्यावी: आधी त्या रात्रीच्या पाच ठरवायच्या, आणि त्या अशा, की सण न मागितलेल्यांपैकी आहेत आणि त्यांचा नाइटचा गट त्या दिवशी मध्यावर आहे, म्हणजे कुणाचाही झोपेचा दिवस त्या तारखेवर पडत नाही. राहिलेल्या आठ जणींपैकी कुणालाही त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी द्यायची नाही; ती आदल्या किंवा नंतरच्या दिवशी, आणि हे त्यांना दोन आठवडे आधी माहीत असेल. मॉर्निंग-इव्हनिंगच्या दहापैकी आठ भरल्या. उरलेल्या दोन दुसऱ्या मजल्यावरून, ज्यांना त्याबदल्यात लक्ष्मीपूजनाला इथल्या दोघी मिळतील, आणि ही अदलाबदल सप्टेंबरमध्येच दोन्ही इनचार्जच्या सहीने वहीत लिहिलेली. मॉर्निंगच्या पाचही जणींना ७:४० ऐवजी ७ ला यायला सांगायचं, तो जास्तीचा वेळ पगारी, आणि नाइटच्या सिस्टरना सांगून ठेवायचं, की रस्त्यामुळे ओव्हर लांबली तर रुग्णालयाची गाडी त्यांना घरापर्यंत सोडेल.